तळ्यातला शेंदरी बोया

बाळांनो, तुमच्या बंदरावरच्या घरातून पाण्यात लाल-काळे बोये डुलताना दिसतात, ते कशासाठी असतात, असं तुम्ही विचारलंत. मला ते ठाऊक आहे, कारण तुमचे आजोबा मुंबई बंदरात बोये सांभाळणाऱ्या बोटीवर नोकरीला होते. मी मात्र समुद्रापासून फार लांब, मुर्री नावाच्या खेड्यात, सासरी.

सुट्टीवर आले की ते पाटीवर चित्रं काढून समजावत. बंदरात शिरताना खोल वाटेच्या एका अंगाला सपाट डोक्याचे लाल बोये, दुसऱ्या अंगाला टोकदार काळे. जहाजानं त्यांच्या मधून जायचं. जहाज बुडालं असेल तिथं हिरवा. धुक्यासाठी घंटेचा, लाटेनं आपोआप वाजणारा. पिंपाएवढा मोठा असेल तर त्याला जहाज बांधायचं. प्रत्येकाला खाली साखळी आणि तळाशी वजन. लोखंड गंजू नये म्हणून त्याला आधी शेंदराचा हात देतात.

ते परत गेले की घर मुकं होई. सासूबाईंना ऐकू येत नव्हतं. तळ्याच्या घाटावर धुणं धुताना बायकांत बसायचं, तेवढाच माझा माणसांतला वेळ.

लढाईच्या वर्षांत त्या तळ्यात विटांसाठी माती खणली आणि घाटापासून थोड्याच अंतरावर मोठा खड्डा राहिला. पाणी भरल्यावर तो दिसेना. शेजाऱ्यांची सून अंघोळीला उतरली ती त्यातच बुडून गेली. आजोबा सुट्टीवर होते. त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा डांबरानं बंद केला, फुटक्या जात्याची तळी दोरानं खाली बांधली आणि डबा खड्ड्यावर सोडला. "खरं तर हिरवा हवा," म्हणाले, "पण घरात शेंदूरच आहे." डब्याला शेंदूर फासून ते दोन दिवसांनी गाडीत बसले.

आठवड्याच्या आत डब्यावर झेंडूची माळ दिसली. मग हळदकुंकू. मग एक बाई कमरेएवढ्या पाण्यात नारळ घेऊन निघालेली मी पाहिली आणि ओरडले, "अहो, थांबा! तो देव नाही, रॉकेलचा डबा आहे. तिथं खड्डा आहे!"

"कायले रोकता, वैनी? देवीले नारळ देऊन येऊन राहिली न मी."

"पण डबा आहे तो!"

"शेंदूर लावला का डब्याचाबी देव होते," घाटावरची म्हातारी म्हणाली. "तुमी इंग्रजी शिकल्या, तुमाले कसा दिसन?"

सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले असते, पण ती बाई गळ्याएवढ्या पाण्यात पोचली होती. तिला दोघींनी पदर धरून मागं ओढलं, तरी दुसऱ्या दिवशी तिचीच जाऊ निघाली. समुद्रावर प्रत्येक नावाड्याला बोयाची भाषा येते. इथं ती मला एकटीला येत होती, आणि तो शेंदरी डबा 'लांब राहा' म्हणायच्या ऐवजी 'ये' म्हणत होता. काळा दिला असता तर महादेव झाला असता. घंटा बांधली असती तर मग विचारायलाच नको.

मग मी विचार केला, या बायका कशाला हात लावत नाहीत?

दुपारी घाट रिकामा असताना शिंगाडे काढायचा डोंगा सोडला आणि बांबूनं रेटत डब्यापाशी गेले. माळ काढली, शेंदरावर काजळी फासली, वर लिंबू, मिरच्या, बिबा, काळी बाहुली बांधली. कुणी उतारा टाकावा तसा.

त्यानंतर खड्ड्याकडे कुणी फिरकलं नाही. आया पोरांना दंडाला धरून मागं खेचत. पण म्हशी घेऊन परतणाऱ्या एका बाईनं मला डोंग्यात पाहिलं होतं.

मी धुणं घेऊन पोचले की गप्पा थांबत. कुणी भांडलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. फक्त माझ्या शेजारचा दगड रिकामा राहू लागला. एकदा माझा साबण घरंगळत एका मुलीच्या पायाशी गेला. ती वाकून उचलणार, तेवढ्यात तिच्या आईनं तिला बाजूला ओढलं.

खरं सांगणं अवघड नव्हतं. पण सांगितलं असतं तर बाहुली नुसती चिंधी ठरली असती आणि पुन्हा कुणीतरी पाण्यात उतरलं असतं. आजोबांनाही मी इतकंच कळवलं की बोया जागेवर आहे. गाळानं खड्डा भरेपर्यंत मी घाटाच्या टोकाला एकटीच धुणं धूत राहिले. त्यात पुन्हा कुणी बुडालं नाही.