अर्धं पुआनदुम

माझे सासरे चालथांगा दर फेब्रुवारीत एकदा मरून बघायचे. सासूने पेटीतलं पुआनदुम उन्हात घालायला बाहेर काढलं, की हे ओसरीवर चटई टाकून आडवे व्हायचे, ते काळं कापड हनुवटीपर्यंत ओढायचे आणि मला हाक मारायचे, "झोदिनी, कसा दिसतो?"

"मेलेली माणसं बोलत नाहीत, रेमाचे बाबा," सासू म्हणायची. "आणि पाय आत घ्या. विणलं तेव्हा तुम्ही एवढे लांब नव्हता."

रेमा म्हणजे माझा नवरा. सासू म्हणजे दारखूमी, वय शहात्तर, उंची माझ्या खांद्यापर्यंत आणि हुकूम साऱ्या गल्लीवर. मी तिला पी म्हणते, सासऱ्यांना पू. तंबाखूच्या पाण्याचा घोट ती तासन्‌तास गालात धरून ठेवते. ज्याला उत्तर द्यायचं नाही असा प्रश्न आला की तिच्या तोंडात हमखास घोट असतो.

आम्हा मिझोंमध्ये मुलगी सासरी येताना पुआनदुम घेऊन येते. नवरा गेला की तेच त्याच्या अंगावर घालतात. ऐन लग्नात हे कसलं कापड, असं इथे कुणाच्या मनातही येत नाही. शेवटपर्यंत मी आहे, एवढंच ते कापड सांगतं. पीने तिचं एकोणिसाव्या वर्षी विणलं होतं, आणि पूंना त्याचा भारी तोरा होता. "अख्ख्या गावात माझ्याइतक्या घट्ट विणीचं कापड कुणाकडे नाही," असं ते चर्चच्या पायऱ्यांवर बसून सांगायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कामावरचा एक परका मजूर तापाने गेला. ना बायको, ना नातलग. गावातल्या पोरांनी खड्डा खणला, बायका गाणी म्हणायला जमल्या. अंगावर घालायला मात्र काही नव्हतं. पी उठली, घरी आली, पेटी उघडली आणि पुआनदुम नेऊन त्याच्यावर घातलं. कुणाला विचारलं नाही, पूंनाही नाही.

आता पूंची पंचाईत झाली. दुसऱ्यासाठी आपलं सोडावं, हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात. चारचौघांत सगळे पीचं कौतुक करत होते आणि पू शेजारी बसून माना डोलावत होते. घरी आल्यावर मात्र आठ दिवस फुगून बसले. "मी जिवंत, आणि माझं कापड गेलं पुढे!"

वरवर हसण्यावारी नेत होते, पण त्यांना ते खरंच लागलं होतं. ऐझॉलच्या डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचा भरवसा नाही म्हणून सांगितलं होतं. रेमाने दुकानातून छान पुआनदुम आणून दिलं, तर ते पूंनी बोटाने बाजूला सारलं.

"यंत्रावरचं? ह्यात मला कोण ओळखेल? तुझ्या आईच्या हातचं हवं."

पीने घोट थुंकला. "ठीक आहे. पण पुआनदुम माहेराहून येतं. इथे बसून विणलं तर ती नुसती चादर."

नवीन वर्षाची मेजवानी आटोपली आणि ती गाठोडं बांधून खालच्या गावी भावाकडे, लियानझुआलाकडे निघाली. पू फाटकाशी उभे होते. आपणच मागितलं होतं, आता 'नको जाऊ' कोणत्या तोंडाने म्हणणार?

पहिल्या दिवशी त्यांना माझी मोहरीची भाजी अळणी लागली, दुसऱ्या दिवशी खारट. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की पी तंबाखूच्या पाण्याची बाटली विसरली आहे. बाटली अर्धीच होती आणि लियानझुआलाच्या घरासमोरच दुकान आहे. तरी जीपमध्ये बसून पोचवून आले. पुढच्या आठवड्यात तिची छत्री पोचवली. जानेवारीत! आमच्याकडे तेव्हा आभाळात ढगाची बोटभर चिंधी नसते.

तिसऱ्या शनिवारी म्हणाले, "झोदिनी, चल. धुरावलेलं डुकराचं मांस देऊन येऊ. तिला आवडतं."

पी अंगणात माग लावून बसली होती. मागाचा पट्टा कमरेला, पाय लाकडाला टेकलेले, आणि मागे रेलून ती ताणे घट्ट करत होती. तिच्या शेजारी एक पट्टी गुंडाळून ठेवलेली होती. अशा दोन पट्ट्या मधोमध शिवल्या की पुआनदुम होतं.

पूंनी पट्टी उलगडली, विणीवरून अंगठा फिरवला. गुळाचा खडा चावत चहा संपवला आणि एकदम म्हणाले, "चल घरी."

"वेडे की काय? दुसरी पट्टी आजच मागावर चढवलीय. अजून पंधरा-वीस दिवस लागतील."

"राहू दे."

"अहो, एका पट्टीत अंग झाकतं का माणसाचं?"

"मग झाकायची घाई कुणाला आहे?" पू म्हणाले. "तू नाहीस तर घरात मी रोजच मेल्यासारखा पडून असतो. त्याला कापड कशाला हवं?"

लियानझुआला गडगडून हसले. "बहीण दोनदा नेणार असाल तर देज म्हणून दोन मिथुन बैल आणा, मेव्हणे!"

पीच्या गालात घोट होता, म्हणून ती काही बोलली नाही. तिने तो थुंकला, तोंड पुसलं आणि कमरेचा पट्टा सोडला. मागावरची पट्टी लियानझुआलाच्या भिंतीला तशीच टांगून ठेवली. अजून तिथेच आहे.

फेब्रुवारीत पीने पेटीतून एकच पट्टी काढून उन्हात घातली. पू लगेच चटई घेऊन आले, आडवे झाले, पट्टी अंगावर ओढली. एक हात, एक पाय आणि अख्खं पोट बाहेर.

"झोदिनी, कसा दिसतो?"

मी तोंड उघडायच्या आत पीने पट्टी ओढून घेतली.

"पुरत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "उठा, चहा गार होतोय."