कानतुटक्या कपातला साबण

तुमच्याविषयी कुणी खोटं छापलं, आणि पत्रकं वाटायच्या आधीच छापणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक होतं — तर त्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? जे म्हणाल ते मनात धरून ठेवा. तो माणूस मी आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि ज्यांच्याबरोबर खळीची बादली घेऊन भिंतींवर पत्रकं चिकटवत हिंडलो त्या मित्रांनाही नाही. आता दमलोय. लपवायलाही रोज थोडी ताकद लागते, आणि ती कुठून आणायची?

आधी साबणाबद्दल बोलतो. ते सोपं आहे.

पेणमध्ये वसंतकाकांचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. ट्यूबमधलं क्रीम नाही, डब्यातला फेस नाही — पितळेच्या वाटीत बसवलेली गोल, कडक साबणाची वडी. ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, झटकायचा आणि वडीवर फिरवत राहायचा. घाई केली तर नुसते बुडबुडे येतात. काका घाई करत नसत. फेस दह्यासारखा घट्ट झाला, वाटी तिरकी केली तरी हलेना, की मग तो गालावर यायचा. गिऱ्हाईक कितीही बडबडं असो, फेस सुकत नसे. वस्तरा फिरायचा तेव्हा बारीक करकर ऐकू यायची, पण ओढ लागायची नाही. आणि वास — आधी चंदनाचा, मग मागून वाळ्याचा गारवा. दुपारपर्यंत कॉलरला यायचा तो. हमरापूरचे मूर्ती रंगवणारे यायचे, दाढीत सोनेरी ठिपके घेऊन. काका त्यांना म्हणायचे, "अरे, गणपती रंगवलास की स्वतःला?"

माझं घर रोह्याचं. वडील कंपनीत, युनियनमध्ये. अक्षरं मी पत्रकांवरून शिकलो. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी वाचता येत होता. नोकरीसाठी पेणला खोली घेतली तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. अशा घरातून आलेल्या माणसाला आपण चुकूच शकत नाही असं वाटायला लागतं का? मला वाटायला लागलं होतं.

एका रविवारी मी बाकावर नंबर लावून बसलो होतो. मिठागरातले दोघे आले. काकांनी पितळेची वाटी बाजूला सारली, खालच्या फळीवरून एक कान तुटलेला कप काढला. त्यात वेगळी वडी, पांढरीफटक, बिनवासाची. ब्रशही वेगळा.

माझं डोकं फिरलं.

कान तुटलेला कप! वेगळे कप, वेगळे माठ, ओटीवरच थांबवलेली माणसं — हे सगळं असतं, मी ते पाहिलंय, त्यावर लिहिलंय. म्हणून मला खात्री होती. पण विचारायला काय झालं असतं? "काका, हा साबण वेगळा का?" एवढंच. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तर नको होतं. मला पत्रक हवं होतं.

संध्याकाळी लिहून काढलं. सलून कुठलं ते कुणालाही कळेल असं लिहिलं. खाली आमच्या मंडळाचं नाव, माझं नाही. शेवटचं वाक्य होतं — 'ज्यांच्या मिठाने तुमच्या जेवणाला चव आहे, त्यांच्या गालाला लागून तुमचा साबण विटाळतो काय?' अजून पाठ आहे. वाक्य चांगलं आहे. तेच नडलं.

छापलेला गठ्ठा घेऊन मी सकाळी वडखळच्या नाक्यावर गेलो. तिथे हिराजीदादा चहाला असतात. सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस, आणि त्या रविवारी सलूनमध्ये आलेल्या दोघांतले एक. त्यांच्या बाजूनं लिहिलेलं आधी त्यांनाच वाचून दाखवावं, असं मनात आलं. शाबासकी हवी होती, दुसरं काय? त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हसले. हसता हसता खोकले.

"अरे बाला, तो साबन आमीच मागून घेतलाय! त्या वासाच्या साबनानं तोंड पेटतं आमचं. तुला कुनी सांगितला यो विटाळ हाय म्हनून?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. मिठात काम करून गालांना बारीक भेगा पडतात, त्यात सुगंधी साबण गेला की डोळ्यांत पाणी येतं. दाढीतही मीठ बसलेलं असतं, त्यात उन्हाळ्यात सलूनच्या बोअरचं पाणी मचूळ; नेहमीच्या साबणाला फेसच येत नाही. म्हणून वसंतकाकांनी घरी खोबरेल तेलाचा साबण करून पाहिला. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो. पहिल्याचा भुगा झाला. दुसऱ्यात कॉस्टिक जास्त झालं आणि हिराजीदादांचीच हनुवटी सोलवटली. तिसऱ्यात थोडं एरंडेल घातलं, तेव्हा कुठे फेस गालावर टिकायला लागला. पितळेला खाऱ्या पाण्यानं हिरवं चढतं, म्हणून चिनी मातीचा कप. काकांच्या घरात तेवढाच रिकामा होता. ब्रश वेगळा, कारण पहिल्या ब्रशातला वास काही केल्या जात नव्हता.

"फाडून टाक ती कागदां," ते म्हणाले. "आनि चा पी. वसंता चांगला मानूस हाय."

मी "व्हय" म्हणालो. चहा प्यायलो. आणि तिथून निघून पेणला जाऊन ती सगळी पत्रकं वाटली — बाजारात, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या फाटकाशी.

का? मी खूप कारणं शोधली. गठ्ठा छापून झाला होता. मित्र वाट बघत होते. एका सलूनची गोष्ट खोटी असेल, पण प्रश्न खरा आहे, असंही स्वतःला सांगितलं. ही कारणं मी नंतर जमवली. त्या सकाळी माझ्या डोक्यात फक्त ते वाक्य होतं. ते कुणी वाचलं नाही तर वाया जाईल, एवढंच.

दोन दिवसांत पत्रकाचे फोटो मोबाइलवर फिरले. काही पोरं सलूनमध्ये शिरली, कप रस्त्यावर आपटला, त्याचा व्हिडिओ केला. मी तो बघितला आणि त्याला 'लाइक'चा अंगठा दिला.

एवढंच असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पण अजून आहे — ज्यासाठी हे लिहायला बसलो ते अजून आहे.

गावातल्या चार जाणत्यांनी शाळेच्या वर्गात सभा बोलावली. वसंतकाका कोपऱ्यात बसले होते, हात मांडीवर. हिराजीदादा धुतलेला सदरा घालून आले. एवढ्या लोकांसमोर ते कधी बोलले नसावेत. उभे राहिले, बाकाला धरून. म्हणाले, "तो कप आमचा हाय. आमीच त्याला—"

मी उठलो. मोठ्या आवाजात म्हणालो, "दादांना इथे बोलायला कुणी आणलंय ते आपण समजू शकतो. त्यांचा दोष नाही. ते घाबरलेत."

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी टाळी वाजवली. हिराजीदादांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, हा आपलाच आहे ना, अशा नजरेनं. मग खाली बसले. ज्याच्या वतीनं मी बोलत होतो, त्याला मी एक वाक्य पुरं करू दिलं नाही.

महिन्याभरात सलून बंद झालं. काकांनी मला कधी काही विचारलं नाही. सध्या ते रोह्यात पुतण्याच्या दुकानात असतात. तिथे ट्यूबमधलं क्रीम, पेपरमिंटसारख्या वासाचं. मी घरी जातो तेव्हा त्या दारावरून जावं लागतं. आत गेलेलो नाही.

मागच्या वर्षी रोह्याजवळच्या एका गावात एका माणसाला खरोखरच सलूनच्या खुर्चीवर बसू दिलं नाही. आम्ही धावत गेलो. त्याचे सासरे खारेपाटातले, म्हणजे वडखळकडच्या मिठागरांच्या पट्ट्यातले. त्यानं दारातूनच हात जोडले. "नको. तुमी आमच्यासाठी बोलता आनि आमाला बोलू देत नाय, असं सासरे सांगतात." तो अजून दाढी करायला दुसऱ्या गावी जातो.

माफी मला नको. ती द्यायची कुणी, हेही मी ठरवू शकत नाही. वसंतकाकांकडे मी जाईन, ते माझं मी बघेन. तुमच्याकडे एक काम आहे. पेणमध्ये ती वेगळ्या कपाची गोष्ट अजून सांगितली जाते. तुमच्यासमोर कुणी सुरू केली तर मध्येच थांबवा. सांगा, लिहिणाऱ्याला वाटण्याच्या दिवशीच खरं माहीत होतं. आणि वडखळवरून जाणार असाल तर सकाळी नाक्यावर उतरा. हिराजीदादांना विचारा, त्या सभेत तुम्ही काय सांगत होतात. ते आधी "जाऊ दे" म्हणतील. तुम्ही बसा. त्यांचं पूर्ण बोलून होईपर्यंत उठू नका.