पोचमामूंची रांग

पोचमामूंना चहाचा ग्लास दिला की ते 'पोचला' म्हणत. सलाम केला तरी 'पोचला', शिवी दिली तरी 'पोचली'. आणि हीच अपेक्षा त्यांची समोरच्याकडून असे. काही सांगितलं की ते तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहत. नुसती मान हलवून सुटका नव्हती. "पोचलं का न्हाई, तोंडानं सांग," म्हणत. जिन्याखालचा हळदवाला त्यांना छळायला मुद्दाम गप्प बसे आणि मामू आपले पायरीवर उभेच. त्यांचं खरं नाव बँकेत तेवढं चाले. हिंगोलीत आमच्या गल्लीला ते पोचमामूच होते.

आमचं ऑफिस म्हणजे त्या हळदवाल्याच्या दुकानावरची एक खोली. एकच खिडकी, तीही हळदीच्या धुळीमुळे कायम बंद. आत मामू आणि मी. खेड्यांतल्या तपासणी केंद्रांवर लोक रक्त देऊन जात, नमुने शहरातल्या लॅबला जात आणि तिथून एकेक रिपोर्ट मेसेज होऊन आमच्या रांगेत येऊन उभा राही. त्यावर नाव नसे, नुसता नंबर. हा नंबर कोणाचा, हे आमच्या प्रोग्रामनं दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं. उत्तरात नाव-गाव आलं की ते चिकटवून रिपोर्ट डोंगरकड्याला, नरसीला, शिरड शहापूरला, जिथला तिथं धाडायचा.

आणि उत्तर आलंच नाही तर? शहाणी माणसं थोडं थांबून तो मेसेज बाजूच्या रांगेत ठेवतात आणि पुढचा घेतात. मामूंनी प्रोग्राम लिहिला होता तो असा, की उत्तर येईपर्यंत थांबायचं. कितीही वेळ. मागचे सगळे मेसेज मग त्या एकाच्या मागे ताटकळत उभे.

"मामू, काहीतरी मुदत घाला हो," ही माझी रोजची कटकट.

"बाजूला ठिवलं म्हंजे इसरलं, बेटा."

यामागे एक गोष्ट होती. त्यांच्या आधीच्या नोकरीत नरसीकडच्या एका बाळंतिणीचा रिपोर्ट असाच बाजूच्या रांगेत जाऊन पडला होता. तिकडं कोणी पाहिलंच नाही. पुढं काय झालं असं विचारलं की "लेकरू वाचलं," एवढंच सांगत आणि चष्मा पुसायला घेत. आता यावर माणसानं भांडायचं तरी कसं?

पण त्या हट्टापायी मामूंनी स्वतःला त्या खोलीत पुरतं कोंडून घेतलं होतं. सर्व्हर रुसला की त्या कंपनीला फोन करून डोकं खायला कोणीतरी लागे, आणि ते कोणीतरी म्हणजे मामूच. सख्ख्या पुतण्याच्या निकाहात ते बिर्याणीच्या डेगीशेजारी लॅपटॉप मांडून बसले होते, कारण मांडवात रेंज तेवढ्याच कोपऱ्यात होती. मामींचं माहेर रेंजबाहेर, म्हणून मामूंना सासर तुटलं. मामी म्हणायच्या, "जेलमधी असते तर मुलाकातीला तरी सोडलं असतं." मलाही त्या खोलीत जीव घुसमटल्यासारखा होई. मी दाराकडं पाहिलं की मामूंना बरोबर कळे. "जा बेटा, तू जा. मी हाय ना," म्हणत. असं कोणी म्हटल्यावर काय पाय निघतो? मी पुन्हा खुर्चीत.

एका उन्हाळ्यात त्यांनी गळ्याला रुमाल गुंडाळायला सुरुवात केली. उकाड्यानं आमची चटणी होत होती आणि हे गळा बांधून बसलेले. मी फार मागं लागले तेव्हा त्यांनी सांगितलं, की छोटी गाठ आहे. डोंगरकड्याला घरी गेले होते तेव्हा केंद्रावरच्या सिस्टरनं जबरदस्तीनं डॉक्टरपुढं बसवून सुई टोचवली. नंबराची चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

"मग रिपोर्ट?"

"येऊन राहिला असंल." मग हसून म्हणाले, "जवाब आला न्हाई तवर सगळं खैरियत."

नेमका त्याच आठवड्यात तो सर्व्हर आजारी पडला. बंद नव्हता, पण एकेका प्रश्नाला उत्तर द्यायला युगं लावत होता. रांग वाढत गेली. मेसेज हळूहळू का होईना सरकत होते, आणि मामू पडद्यासमोर बसून होते. मधूनच खिशातली चिठ्ठी चाचपत. त्यांचा नंबर त्या रांगेत बराच मागं उभा होता. स्वतःचा मेसेज पुढं ओढणं त्यांच्या हातात होतं. मी तसं म्हटलं तर असे काही रागावले की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दुपारी आमच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातून मॅडमचा फोन आला. मामूंनी स्पीकर लावला.

"मामू, मेसेजचं काय?"

"येऊन राहिले मॅडम."

"सगळेच?"

"व्हय, सगळेच येऊन राहिले."

"बरं. बघते मी."

आमच्या कानाला यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. येऊन राहिले म्हणजे येतायत. इकडं पोरगं शाळेत जाऊन राहिलं आणि भाजी शिजून राहिली, असंच आम्ही जन्मभर बोलतो. पुण्याच्या कानानं ऐकलं ते वेगळंच: आले, आणि तिथंच राहिले. म्हणजे अडकले. अडकलेली रांग पुसायची आणि लॅबकडून सगळं नव्यानं मागवायचं, ही मॅडमची पद्धत. आमच्या डोळ्यांदेखत पडदा कोरा झाला.

मामूंनी लगेच उलटा फोन लावला. घोटाळा कळल्यावर मॅडम म्हणाल्या, "अहो, मग 'येतायत' म्हणायचं ना!"

"तेच तर म्हणलो की!" मामू रडकुंडीला आले होते.

नव्यानं मागवायचं तर प्रत्येकाचा नंबर हवा. आमच्याकडचे नंबर रांगेबरोबरच पुसले गेले होते, उरले ते फक्त लोकांच्या चिठ्ठ्यांवर. मामूंनी एकेका केंद्राला फोन लावले. सिस्टर चिठ्ठ्या वाचून दाखवत, मामू तो रिपोर्ट पुन्हा मागवत, उत्तर आलं की उलट फोन करून "पोचला का?" विचारत. कोणी मजुरीला गेलं होतं, कोणी चिठ्ठी धुऊन टाकली होती. मामूंनी कोणालाही सोडलं नाही. सगळा जिल्हा पोचता झाला तेव्हा त्यांनी जिन्यावर बसून चहा मागवला. मला वाटलं, संपलं.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा डोंगरकड्याच्या सिस्टरचा फोन आला. कामाचं बोलून झाल्यावर तिनं सहज विचारलं, "तुमच्या मामूचा रिपोर्ट काय आला हो? माझ्याकडं तर दिसून न्हाई राहिला." मामूंचा नंबर तेवढा तिनं स्वतःजवळ टिपून ठेवला होता, तो घेऊन मी रिपोर्ट मागवला. त्या दिवशी सर्व्हरनं क्षणात उत्तर दिलं.

कागद मी मामूंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, घडी केली. "पोचला," म्हणाले.

"सगळ्यांचे मागवलेत. तुमचा काहून नाही मागवला?" रागानं माझ्या तोंडून घरची बोली बाहेर पडली.

"दुसऱ्याचा जवाब मागायची आदत हाय, बेटा. आपला मागायची हिंमत न्हाई झाली."

नांदेडच्या डॉक्टरांनी गाठ पाहिली आणि पहिला प्रश्न केला तो, इतके दिवस कुठं होतात. मामी माझ्याकडं बघत होत्या आणि मामू पंख्याकडं. काही इलाज झाले. मामू पहिल्यांदाच फोन बंद करून घरी राहिले, केळीच्या बागेत खाट टाकून पडत. मी भेटायला जाई तेव्हा सर्व्हरची चौकशी करत, गाठीची नाही. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही.

लोक गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. मला मामूंचा अजून राग येतो. इतकं प्रेम केलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

त्यांच्या जागी मीच बसले. प्रोग्रामला मुदत घातली. जे मेसेज बाजूच्या रांगेत पडतात ते रोज सकाळी आधी उघडते, केंद्रांना आता नंबरांची वही ठेवायला लावलीय तिच्यावरून पत्ता काढते आणि स्वतः फोन करते. परवा असाच शिरड शहापूरकडच्या एका म्हाताऱ्यांचा रिपोर्ट बाजूला पडला होता. चांगला नव्हता. फोन लावला आणि सांगितलं, काका, आजच केंद्रावर या, डॉक्टर बसलेत.

"हळद शिजवून राहिलो माय. पुढल्या बाजारी येतो की. घाई काय हाय?"

आणि मी ओरडले. "घाई हाय काका! हळद राहू द्या, चूल विझवा, हाय तसे निघा!" किती वेळ ओरडत होते देव जाणे. खाली हळदवाल्याच्या दुकानातले आवाज थांबले होते. मामूंवर मी एकदाही असं ओरडले नव्हते. ते सगळं त्या अनोळखी माणसाच्या कानात गेलं.

दुपार कलताना केंद्रावरून फोन आला. सिस्टर हसत होती. "म्हातारबा आले बरं का, डॉक्टरपुढं बसलेत. विचारून राहिले, ती कोकलणारी बाई कोण?"

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "पोचमामूंची भाची."