काळ्याखालचा पिवळा

आम्ही चौघं मित्र सरस्वतीपुरममधल्या एका गॅरेजात दर वर्षी पुठ्ठ्याचे शंभर डबे करायचो. प्रत्येक डब्यात हातानं छापलेली बारा कार्डं. किंमत डोसा-कापीएवढी, म्हणजे बसच्या कंडक्टरलाही चित्र घरी नेता यावं. सही कुणाचीच नाही. प्रत्येक कार्ड चौघांच्या हातून जायचं आणि आधीच्यानं केलेलं झाकायची पुढच्याला मुभा होती. या नियमाचा आम्हाला कोण अभिमान!

पहिला पिवळा आमच्यातल्या एकाचा, मग दुसऱ्या दोघांचे तांबडा आणि निळा. आमचं घराणं रंगाऱ्यांचं, म्हणून शेवटचा काळा माझ्याकडे आला. तो पिवळावाला एक साधी रेघ ओढायचा आणि कार्ड जिवंत व्हायचं. मला चार पिढ्यांचा रंग पाठीशी असून ते जमलं नाही. माझ्या पोटात दुखायचं, सरळच सांगतो. मग मी त्याचा पिवळा झाकू लागलो. आधी कोपरा, पुढं पुढं सगळाच. बाकीचे दोघं म्हणायचे, काय धाडस आहे! तो बघायचा आणि पुढचं कार्ड उचलायचा.

यंदा उन्हाळ्यात तो गेला. झोपेतच. नियमाचा इतका पक्का, की घरात स्वतःचं एक चित्र ठेवलं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर त्याच्या बायकोनं, वहिनींनी, बोलावलं. कॉटवर सात डबे उघडून ठेवले होते.

"भावजी, ह्यात ह्यांच्या हाताचं कुठलं? सुम्ने, नुसतं एक दाखवा, साकु, तेवढं पुरे. फ्रेम करून लावते. लेक विचारत्ये."

मी एकेक कार्ड उलटत गेलो. कुठं कडेला केसाएवढा पिवळा दिसे, बस्स. माझे कान तापले. वहिनींनी एक कार्ड खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, नखानं हळूच खरवडून पाहिलं.

"एवढं काळं कोणी केलं हो?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, त्यांना ठाऊक आहे. पण त्या खरंच विचारत होत्या.

"आमच्यात असं एकाचं नसतं, वहिनी," मी म्हणालो. "सगळ्यांनी मिळून केलं."

"हौदु, खरंय," त्या म्हणाल्या. "मला कुठं कळतंय त्यातलं. विचारलं म्हणून रागावू नका हं, भावजी."

आणि त्या आत जाऊन माझ्यासाठी कापी घेऊन आल्या. मी ती प्यायलो.