अक्कांना पसंत नाही

पिंप्राळ्याला आमच्या गल्लीत कलाबाई अक्का राहतात. सत्तरी जवळ आलेली, माहेर शिरपूरकडचं, सासर नरडाण्याजवळचं आणि आता मुलाच्या नोकरीमुळे मुक्काम जळगावात. त्यांच्याकडे पासष्ट साड्या आहेत. हा आकडा अक्कांनीच एकदा सांगितला, आणि त्याच सुरात पुढे सांगितलं की यातली एकही त्यांनी स्वतः निवडलेली नाही. ती तक्रार नव्हती. काल बाजारात मेथी चांगली आली होती, तसं सांगितलं.

आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता फाडायला जातात. नवरीच्या शालूपासून आत्याबाईंच्या आहेरापर्यंत सगळं कापड एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायचं. अक्कांच्या स्वतःच्या बस्त्याला अक्का नव्हत्याच. शालू सासऱ्यांनी निवडला, मामांनी मान डोलावली आणि अक्कांनी तो पाहिला तो थेट नेसायच्या वेळी. पुढे भाऊ, दीर, भाचे यांनी कार्याकार्यात दिलं ते त्या नेसत गेल्या. पती पितांबर नाना तालुक्याला गेले की एखादी आणायचे. रंग मळखाऊ असला की नानांना साडी सुंदर वाटायची.

यंदा नात मयुरीचं लग्न निघालं. नवरा तिने स्वतःच पसंत केला आणि घरच्यांना चहाच्या वेळी कळवला. तो एका आठवड्यात ठरला. शालूला मात्र दोन महिने लागले. मोबाईलवर सातशे फोटो आणि चाळीस मैत्रिणींची मतं. एक रंग आवडायचा, मैत्रीण नाक मुरडायची, की रंग बाद. सासऱ्यांची जागा या चाळीस जणींनी घेतलीय, असं मी एकदा म्हणालो. मयुरी त्यावर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बस्त्याच्या दिवशी मी होतो, कारण गाडी माझी होती. दुकानात पांढऱ्या गादीवर आम्ही बसलो, चहा आला आणि साड्या उलगडणारे रोहिदासभाऊ कामाला लागले. तेवढ्यात मयुरीने जाहीर केलं, की आधी अक्कांची साडी, आणि ती अक्काच निवडणार. बाकी कोणी बोलायचं नाही.

अक्का घाबरल्या. दे कोणतीही, म्हणाल्या. रोहिदासभाऊंनी विचारलं, रंग कोणता दाखवू? अक्कांनी सवयीने नानांकडे पाहिलं. नाना उत्तर द्यायला तयारच होते, पण मयुरीने डोळे वटारले. मग अक्का बघू लागल्या. एक उलगडली, दहा उलगडल्या, गादीवर साड्यांचा ढीग झाला. सून म्हणाली, हा रंग या वयाला भडक दिसेल. मुलगा म्हणाला, आई, पटकन कर. अखेर नानांना राहवलं नाही.

"अवं, ती हिरवी घी ले ना. चांगली शे."

अक्कांनी हिरवी हातात घेतली, पदर बोटांत धरून पाहिला आणि हळूच बाजूला ठेवली. चाळिसाव्या साडीनंतर त्यांनी काम संपल्यासारखे हात मांडीवर पुसले.

"यामां एकबी मना मनले उनी नही."

माझ्या मनाला एकही आली नाही, हे अक्कांच्या तोंडून घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. आमच्यात इतक्या साड्या उलगडायला लावून रिकाम्या हाताने उठणं म्हणजे दुकानदाराचा अपमान समजतात. नाना तर अपराध्यासारखे रोहिदासभाऊंची समजूत घालू लागले, की बाईमाणसाला कळत नाही, आम्ही हिरवीच नेतो. दोन महिन्यांत सातशे साड्यांना नको म्हणताना मयुरीने चाळीस जणींना विचारलं होतं. अक्कांनी एकालाही विचारलं नव्हतं.

"हिरवी नका बांधू, भाऊ," अक्का रोहिदासभाऊंना म्हणाल्या. रोहिदासभाऊंनी हिरवी गठ्ठ्यातून काढली. बाकीचा बस्ता झाला, अक्कांची साडी सोडून.

मग चार दिवस मयुरीच्या स्कूटीवर मागे बसून अक्का जळगावभर हिंडल्या. रोज रिकाम्या हाताने परतायच्या आणि रोज जरा ताठ बसलेल्या दिसायच्या. मोकळीक मिळणं आणि ती वापरता येणं यात किती अंतर असतं, ते मला त्या स्कूटीकडे बघून कळलं. अक्कांना तिथवर यायला पन्नास वर्षं आणि चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी त्या साडी घेऊन आल्या. गर्द जांभळी, काठ झेंडूसारखा पिवळा. खरं सांगायचं तर भयंकर होती. नानांनी ती ओट्यावर उन्हात धरली. आपल्या घरात अशी साडी येते म्हणजे कोणाला तरी बोल लावायला हवा, म्हणून त्यांनी विचारलं, ही कोणाची पसंत?

"मनी," अक्का म्हणाल्या आणि बोट स्वतःकडे केलं.

नानांनी साडीची पुन्हा घडी घातली. दोनदा घातली, तरी नीट जमेना.