जुलैचं सुतक

अण्णांच्या घरी दर जुलैअखेर सुतक असायचं. कोणी गेलेलं नसायचं, सगळे ठणठणीत. पण अण्णा दाढी करायचे नाहीत, गोडाला हात लावायचे नाहीत, आणि काकू दार उघडता उघडता हळूच सांगायच्या, "आज जरा जपून बोल हं. त्यांचा पिचर विकला."

पिचर म्हणजे अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाचा गोलंदाज. आणि अण्णा म्हणजे मूळचे नाशिकचे, सौदीतल्या दम्मामच्या एका पेट्रोकेमिकल कंपनीत मेंटेनन्स विभागाचे प्रमुख, म्हणजे माझे साहेब. दम्मामच्या मराठी मंडळींत क्रिकेटचे वेडे ढिगाने होते, नाट्यसंगीताचे दोन होते, एक जण तर शुक्रवारी वाळवंटात जाऊन दगड गोळा करायचा. बेसबॉलवाला मात्र एकच. म्हणून त्यांचं नाव पडलं बेसबॉलअण्णा. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं, असा माझा पक्का संशय आहे.

हे वेड त्यांना लागलं तरुणपणी. कंपनीने ट्रेनिंगला म्हणून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शहरात वर्षभर पाठवलं होतं. तिथला त्यांचा घरमालक, एक निवृत्त बसड्रायव्हर, त्यांना दर रविवारी मॅचला घेऊन जायचा. त्या वर्षी तो संघ तळाला होता. मी एकदा विचारलं, "अण्णा, इतके जिंकणारे संघ पडलेत, तुम्ही नेमका हाच का धरून बसलात?" अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी असभ्य बोललो. मग म्हणाले, "अरे, हरत होते ना ते! हरणाऱ्याला मध्येच सोडून कसं यायचं?"

तिकडे संध्याकाळी मॅच सुरू व्हायची तेव्हा आमच्याकडे पहाटेचे पाच. पलीकडच्या मशिदीतून फज्रची अजान, इकडे अण्णांच्या लॅपटॉपवर इंटरनेट रेडिओची खरखर. पण कंपनीची बस सव्वासहाला यायची, त्यामुळे अण्णांच्या वाट्याला कायम अर्धीच मॅच. घरून निघताना त्यांचा संघ पुढे असायचा आणि ऑफिसात पोचून स्कोअर उघडेपर्यंत मागे. त्यामुळे त्यांची ठाम समजूत झाली होती की आपण बसमध्ये पाय ठेवला की ते हरतात. एका रमजानमध्ये कामाची वेळ उशिरा सुरू झाली, त्यांनी आख्खी मॅच घरी बसून ऐकली. तरी हरले. तेव्हापासून बसला दोष देणं बंद झालं आणि सगळा राग एका जागी गोळा झाला: मॅनेजमेंट.

"खेळाडू वाईट नाहीत रे," ते म्हणायचे. "पोरं सोन्यासारखी आहेत. मॅनेजमेंट नालायक!" मग ते समजावून सांगायचे. एखादं होतकरू पोर गावोगावच्या छोट्या संघांत चार-पाच वर्षं तयार करायचं, आणि ते रंगात आलं की जुलैअखेर, खेळाडूंच्या सौद्याची मुदत संपायच्या आत, एखाद्या श्रीमंत संघाला विकून टाकायचं. "आंबे आढीत घालायचे आपण, राखण करायची आपण, आणि पिकले की पेटी शेजाऱ्याच्या घरी!" हे सांगताना ते टेबलावर मूठ आपटायचे, आणि काकू न बघताच चहाचे कप उचलून बाजूला ठेवायच्या.

गंमत अशी की स्वतःच्या मॅनेजमेंटपुढे हा माणूस मूग गिळून बसायचा. दोनदा त्यांची बढती हुकली, एकदा तर कालच्या पोराला त्यांच्या डोक्यावर बसवलं. अण्णा म्हणाले, "त्यांनी काहीतरी विचार केला असेल." काकूंना हे सहन व्हायचं नाही. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," त्या मला ऐकवायच्या. "इथल्या साहेबापुढे मान वर करायची नाही, आणि तिकडच्या मालकाला पहाटे पाचपासून शिव्या! त्याला कुठे ऐकू जातायत?"

मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं होतो. माझं काम त्यांनीच घडवलं. पंपाच्या आवाजावरून बेअरिंग ओळखायला त्यांनी शिकवलं आणि काँट्रॅक्टरशी न भांडता काम कसं काढून घ्यायचं तेही. शिवाय बेसबॉल. तो मला अजूनही अर्धाच कळतो, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

मग जगभर मंदी आली. दम्मामच्या बाजारातसुद्धा माणसं हळू आवाजात बोलायला लागली. जुलै निम्मा सरला असताना वरून हुकूम आला: मेंटेनन्समधला एक इंजिनियर कमी करायचा, नाव अण्णांनी द्यायचं. विभागात अण्णांच्या हाताखाली आम्ही दोघेच होतो, मी आणि रत्नागिरीचे सलीमभाई.

अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. दाढी वाढलेली होती. "सुहास," ते म्हणाले, "मी तुझं नाव दिलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा, अण्णा! जन्मभर ज्याला शिव्या दिल्यात, त्याच्याच खुर्चीत जाऊन बसलात की! पोर तयार करायचं आणि जुलैत हाकलायचं!"

"सलीमचं वय झालंय. त्याला इथून काढला तर दुसरं कोण घेणार? तुला घेतील. विकला जातो तो चांगलाच खेळाडू असतो रे. वाईटाला गिऱ्हाईक नसतं."

"मी पिचर नाही, अण्णा. माझी बायको सातव्या महिन्यात आहे."

अण्णांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा इकडे, एकदा तिकडे केला. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे. मला थोडे दिवस दे. आणि इतक्यात घरी सांगू नकोस."

मी अर्थातच घरी जाऊन पहिलं तेच सांगितलं. अनघा, माझी बायको, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णांनी केलंय म्हणजे पुढचं काहीतरी डोक्यात असेल." मी म्हटलं, "डोक्यात बेसबॉल आहे! दुसरं काय असणार, कपाळ!" त्या रात्री मी जेवलो नाही. तिकडे पुण्यातल्या कंपन्याही माणसं काढत होत्या. इथली नोकरी गेली की विमा जाणार, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना जाणार, आणि आठव्या महिन्याच्या बाईला घेऊन विमानात बसायचं. पुढे काय, ते मला दिसत नव्हतं.

अण्णांच्या डोक्यात पुढचं होतं ते खरंच. जुबैलच्या एका कंपनीत अण्णांचे जुने सहकारी होते. त्यांच्याकडे शब्द टाकून झाला होता, माझी मुलाखतही फोनवर झाली, ते घ्यायला तयार झाले. पण सौदीत माणूस कफीलच्या, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाच्या, नावावर असतो. जुन्या कफीलने रिलीज दिला तरच नव्याकडे जाता येतं, नाही तर पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का आणि थेट मुंबई. आणि आमच्या कंपनीचा नियम असा की त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीला रिलीज द्यायचा नाही. हा नियम मोडू शकणारा माणूस एकच होता: पर्सोनेलचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, अबू फहद. धिप्पाड, गंभीर, हिंदुस्थानी माणसाकडे सहसा न बघणारे.

स्वतःच्या बढतीसाठी ज्या दाराची पायरी अण्णा कधी चढले नव्हते, त्या दारात ते मला घेऊन गेले. मला वाटलं, आता बोलतील. कुठलं काय! गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, खजूर आले. तब्येत कशी, मुलं कशी, हमदुलिल्ला. पुन्हा गहवा. अण्णांनी पेला हलवून पुरे म्हटलं आणि उठले. मी बाहेर येऊन विचारलं, "अहो, विषयच काढला नाहीत!" अण्णा म्हणाले, "पहिल्याच दिवशी काम काढलं की ते नाही म्हणतात. आणि एकदा नाही म्हटलं की त्यांना फिरवता येत नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

तिसऱ्या दिवशी अबू फहद यांचा चेहरा पडलेला होता. दाढीचे खुंट. समोरचे खजूर तसेच. अण्णांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. हा चेहरा त्यांनी आरशात बघितला असणार. त्यांनी हळूच विचारलं, "अबू फहद, काही वाईट बातमी?"

आणि मुदीर फुटले. मोडकं इंग्रजी, थोडी हिंदी, बाकी अरबी. त्यांच्या फुटबॉल क्लबने म्हणे त्यांचा स्ट्रायकर कतारला विकला. लहानपणापासून याच क्लबात वाढलेला पोरगा! दर उन्हाळ्यात हेच. "लाएब कुवैस!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली, म्हणजे खेळाडू चांगले आहेत. "इदारा! मुश्किला इदारा!" इदारा म्हणजे मॅनेजमेंट.

अण्णांच्या तोंडावर जे उजाडलं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा कोणीतरी भेटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुढचा तासभर ते दोघे आपापल्या मालकांचा उद्धार करत होते. एकाला बेसबॉल ठाऊक नाही, दुसऱ्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण कोणाचं काही अडलं नाही. "अरे, हमारा भी!" "वल्ला, सेम सेम!" मुदीर स्वतःच आमची इदारा आहेत, हे त्या तासात दोघेही विसरले होते. मी कोपऱ्यात बसून माझ्या नोकरीची वाट बघत होतो. हसावं की रडावं कळेना.

शेवटी मुदीर थकून मागे टेकले. तेव्हा अण्णा एकदम शांत आवाजात बोलले. "अबू फहद, हा माझा पिचर आहे," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी घडवलाय. मला याला सोडावं लागतंय, माझा इलाज नाही. पण माझ्या क्लबचा मालकसुद्धा खेळाडूला मैदानाबाहेर फेकून देत नाही, दुसऱ्या संघात खेळू देतो. आपण त्याच्याहूनही वाईट व्हायचं का?"

अबू फहद यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. घरी कोण आहे विचारलं. अण्णांनीच सांगितलं, बाळ होणार आहे. मुदीर म्हणाले, "बुक्रा." उद्या. आता सौदीत बुक्रा म्हणजे उद्या, पुढच्या महिन्यात किंवा कधीच नाही. मी बाहेर येऊन म्हटलं, "झालं, बुडालो." अण्णा म्हणाले, "नाही रे. ज्याचा स्ट्रायकर कालच गेलाय तो असं खोटं बोलायचा नाही."

रिलीज खरोखर दुसऱ्या दिवशी आला.

आमची मुलगी दम्माममध्येच, ठरलेल्या हॉस्पिटलात झाली. काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. त्यांनीच मला सांगितलं की त्याच आठवड्यात, मुदीरांकडे खेपा चालू असताना, अण्णांच्या संघाने त्यांचा आवडता कॅचर विकला होता आणि अण्णांना ते चार दिवस कळलंच नव्हतं. "पहाटे रेडिओ लावायचे आणि समोर नुसते बसून राहायचे," काकू म्हणाल्या. "ऐकत काहीच नव्हते. तुझं काम झालं नसतं तर हा माणूस त्यातून उठला नसता रे." अण्णा पलीकडे बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी ऐकलं, पण ऐकलंच नाही असं दाखवलं, आणि दोन लाडू खाल्ले.

आम्ही जुबैलला गेलो. पुढे साठी झाल्यावर कंपनीने अण्णांना निरोप दिला. दम्मामच्या विमानतळावर मी होतो, सलीमभाई होते, आणि पांढऱ्या पायघोळ थोबमध्ये अबू फहदही होते. त्यांनी अण्णांचे गाल तीनदा चुंबले. दोघांच्या क्लबांचं त्या वर्षी काय झालं ते विचारू नका.

नाशिकला अण्णांचं पहाटे उठणं सुटलं. तिथल्या घड्याळात मॅच सकाळी साडेसातला सुरू व्हायची, बस पकडायची नव्हती, आता पूर्ण मॅच ऐकता येत होती. "आणि पूर्ण ऐकणं जास्त वाईट आहे," ते फोनवर म्हणायचे. इकडे पहाटे पाचला उठून मॅच ऐकायची सवय मला लागली, कशी ते मलाही सांगता येणार नाही. मुलगी झोपेतून उठून विचारायची, "बाबा, व्हाय डू यू लाइक देम? दे ऑल्वेज लूज." मी म्हणायचो, आपलेच आहेत ते.

मग एका जुलैअखेर त्या संघाने पुन्हा एक पिचर विकला. अण्णांना हा फार आवडायचा, पोरवयापासून. मी समाचाराला करावा तसा फोन केला. मला वाटलं, आता मूठ आपटणार, पलीकडे काकू कप उचलणार. पण अण्णांचा आवाज शांत होता. थोडा दमलेला. त्यांना बरं नाही, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि हे आमचं शेवटचं बोलणं आहे, हेही मला ठाऊक नव्हतं.

"कुठे दिला त्याला?" त्यांनी विचारलं.

मी संघाचं नाव सांगितलं.

"चांगला संघ आहे. खेळवतील त्याला." मग म्हणाले, "आणि तू? तू खेळतोयस ना रे नीट?"

"खेळतोय, अण्णा," मी म्हटलं. आणखी खूप बोलायचं होतं. पण बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि अण्णाच म्हणाले, "जा, जा. बस चुकेल."