मुरुडशेंगेचे वेढे

नागपूरला निघताना बायकोनं दशम्यांबरोबर एकच काम बांधून दिलं होतं: मुलाचं लग्न पुण्यातच करायचं, हे व्याह्यांकडून कबूल करून घ्यायचं. "तुम्ही लगेच विरघळता," ती म्हणाली. मी? छे!

सकाळी स्टेशनवर व्याही स्वतः आले होते. मनीषनगरातल्या त्यांच्या घरापर्यंतचे रुंद, झाडांचे रस्ते बघून मी मनाशी म्हटलं, गाव झकास आहे, पण लग्न पुण्यात. दुपारी त्यांनी सावजी (काळ्या मसाल्याचं जहाल मटण) खायला नेलं.

"झेपन ना भाऊ?"

"अहो, पुण्यात काय आम्ही दूधभात खातो?" असं म्हणून मी तर्रीसुद्धा (वरचा लाल तवंग) भाकरीनं पुसून खाल्ली.

संध्याकाळी बैठक भरली. मी घसा खाकरून "लग्नाचं ठिकाण" एवढं म्हणालो आणि आत पळालो. परत येऊन "तर ठिकाण" म्हणालो आणि पुन्हा पळालो. नंतर तर काही न बोलताच पळालो.

"काय होऊन राहिलं यायले?" विहीणबाईंनी सरळच विचारलं आणि मुलीला हाक मारली, "प्राजू, मुरुडशेंग आन वं!"

रामटेककडच्या जंगलात एका झुडपाला ही पिळदार शेंग येते. पोट बांधायला तिच्यासारखं औषध नाही, असं व्याही म्हणाले. ती बाळगुटीत असतेच. सहाणेवर पाण्यात उगाळायची, आणि बाळाच्या वयाप्रमाणे वेढे (फेरे) द्यायचे. आता साठीच्या बाळाला किती? बैठकीतला जो तो सांगू लागला.

"लेकराले दोन देतेत."

"मंग यायले शंभर द्या!"

"काहून? पोट पाहा ना त्यायचं, शंभरानं काय होते?"

लग्न राहिलं बाजूला, बैठक वेढ्यांवर रंगली. विहीणबाई मात्र कुणाचं न ऐकता उगाळत होत्या. कपाळावर घाम आला तरी थांबल्या नाहीत.

मग चमचा भरून माझ्यासमोर धरला. "आ करा."

सगळ्यांदेखत मी आ केला. अरे देवा, काय तुरट! जीभ टाळ्याला चिकटली, शब्द फुटेना. नेमकं तेव्हाच व्याही म्हणाले, "ठिकाणाचं म्हणत होते ना भाऊ? नागपूर चालन?"

विहीणबाई पदरानं माझी हनुवटी पुसत होत्या. आई गेल्यापासून असं कुणी पुसलं नव्हतं. मला भरूनच आलं. मी मान डोलावली.

परतीच्या गाडीत पोट शांत होतं. हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मजेत घोरत आलो.

दारातच बायकोनं विचारलं, "ठरलं?"

"नागपूर."

तिनं कपाळावर हात मारला. "बरं, निदान थंडीत तरी?"

"मे महिन्यात," मी म्हणालो. औषधाचा दुसरा चमचाही घ्यावा लागला होता.